संगणकातल्या चेहऱ्याला हसता यावं म्हणून

संगणकावर बनवलेलं माणसाचं डोकं आतून पोकळ असतं. त्यात कवटी नसते, स्नायू नसतात, चरबी नसते. असते ती फक्त वरची कातडी, आणि तिलाही जाडी नसते. हजारो बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि त्या रेषांमध्ये ताणलेले लहान लहान चौकोन, एवढाच सगळा ऐवज. तरीही पडद्यावर तो चेहरा हसला की गालाखालचं हाड जाणवतं आणि रडवेला झाला की हनुवटी आतून थरथरल्यासारखी वाटते. आत काहीच नसताना हाडामांसाचा भास कुठून येतो? बहुतेक वेळा तो त्या रेषांच्या मांडणीतून येतो. रेषा कुठून निघतात, कशाभोवती फिरतात आणि कुठे मिळतात, हे नीट समजलं की चेहऱ्याचं मॉडेलिंग अर्धं समजलं.

मी बेळगावात मुलामुलींना थ्रीडी मॉडेलिंग शिकवते. शहापूर, वडगाव, अनगोळ भागातली, खानापूर आणि निपाणीकडची मुलं येतात. त्यांतल्या काहींच्या घरी गणपतीच्या मूर्ती होतात. शाडूच्या गोळ्यातून कपाळ कसं काढायचं, गाल कुठे भरायचा, डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात निष्णात हाताने का करायची, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. मातीशी या भागाचं नातंही जुनं आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूट खानापुरात आहे ती उगीच नाही. या मुलांना संगणकावरही आकार चटकन सापडतो. अडचण पुढे येते. मूर्तीचा भाव एकदा ठरला की ठरला. गेममधलं किंवा चित्रपटातलं पात्र मात्र पुढच्या क्षणी तोंड उघडणार असतं, डोळे मिटणार असतं. "मॅडम, डोकं झालं," असं कुणी म्हणालं की मी विचारते, "छान झालंय. आता हसवून दाखव बघू." तिथून खरा धडा सुरू होतो.

चौकोनच का?

बिंदूला व्हर्टेक्स म्हणतात, दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेला एज, एजनी बंद केलेल्या तुकड्याला पॉलिगॉन आणि या सगळ्या जाळ्याला मेश. पॉलिगॉन तीन, चार किंवा कितीही बाजूंचा असू शकतो, पण चेहऱ्यासाठी चार बाजूंचाच, म्हणजे क्वॉड वापरण्याचा आग्रह धरला जातो. चौकोनाच्या प्रत्येक कडेसमोर दुसरी कड असते, म्हणून चौकोनांची रांग एकातून दुसऱ्यात अशी पुढे पुढे जात राहते. ही रांग डोळ्याभोवती फिरून पुन्हा सुरुवातीला येऊ शकते. तिच्या कडेने धावणाऱ्या सलग रेषेला एज लूप म्हणतात. त्रिकोणात शिरलं की कडेसमोर कड सापडत नाही, कोपरा सापडतो. रांग तिथेच अडते आणि त्या जागी कातडी वळवताना सुरकुती नको तशी पडते.

दुसरं कारण म्हणजे सबडिव्हिजन. एडविन कॅटमुल आणि जिम क्लार्क यांनी 1978 साली मांडलेली ही पद्धत आज जवळजवळ प्रत्येक थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रत्येक चौकोनाचे चार तुकडे करायचे आणि सगळ्या बिंदूंच्या जागा शेजाऱ्यांच्या सरासरीने सरकवायच्या. साध्या घनावर हे करून पाहा: 6 चौकोनांचे 24 होतात, मग 96, मग 384, आणि तोवर घन बराचसा चेंडू झालेला असतो. चेहऱ्याचंही तसंच. आपण 2,000 चौकोनांचं डोकं हाताळतो. दोन पायऱ्या सबडिव्हिजन दिलं की बघणाऱ्याला 32,000 चौकोनांची गुळगुळीत कातडी दिसते. म्हणूनच बिंदू कमी ठेवण्यात शहाणपण असतं. वीस बिंदूंनी सावरलेला गाल एक बिंदू ओढून बदलता येतो. दोनशे बिंदूंच्या गालाला तीच गोष्ट केली की टेंगूळ येतं.

या सगळ्याची सुरुवात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात झाली. 1971 साली ऑन्री गुरो या संशोधकाने पत्नी सिल्व्हीच्या चेहऱ्यावर थेट रेषा आखल्या, त्यांचे बिंदू मोजले आणि त्यावरून संगणकात चेहरा उभा केला. त्याला हवी होती ती चौकोनांच्या कडा झाकून टाकणारी छटा. ती आजही गुरो शेडिंग या नावाने ओळखली जाते. पुढच्याच वर्षी तिथल्याच फ्रेडरिक पार्क यांनी चेहऱ्याला हावभाव करायला लावले. आखणी आधी खऱ्या चेहऱ्यावर आणि मग संगणकात, हा क्रम मला आजही सर्वांत चांगला वाटतो. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात संगणक बंदच असतो. चेहऱ्याच्या फोटोची प्रिंट घ्यायची आणि त्यावर पेनाने लूप आखायचे.

घडी कुठे पडते ते आधी बघा

आरशासमोर उभं राहून भुवया वर करा. कपाळावर आडव्या आठ्या पडतात. कपाळाचा स्नायू मात्र उभा ओढतो. आता डोळे घट्ट मिटा. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल आहे, पण सुरकुत्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून किरणांसारख्या बाहेर फाकतात. दोन्हीकडे नियम एकच: घडी स्नायूच्या ओढीला काटकोनात पडते. चेहऱ्यावरची रेषांची मांडणी, म्हणजे टोपॉलॉजी, या नियमावरच उभी असते. काही रेषा स्नायूच्या दिशेने हव्यात म्हणजे ओढ नीट पोहोचते, आणि त्यांना छेदणाऱ्या रेषा घडीच्या दिशेने हव्यात म्हणजे घडी पडायला जागा मिळते. चौकोनी जाळीत दोन्ही दिशा आपोआप असतात. आपलं काम त्या योग्य बाजूला वळवण्याचं.

घडी पडायला किमान तीन समांतर रेषा लागतात: एक खाचेच्या तळाशी आणि दोन तिच्या दोन्ही काठांवर. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी, हसताना ठळक होणारी घडी घ्या. तिथे फक्त एक रेषा असेल तर हसताना गाल एका उताराने घसरत जातो, आणि प्रेक्षकाला नेमकं काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी तो चेहरा रबरी वाटतो.

चेहऱ्यावर दोन जागी स्नायू पूर्ण वर्तुळात फिरतात: डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती. बटव्याची नाडी ओढली की तोंड चुण्या पडत आवळतं, तसे हे दोन्ही स्नायू आवळले जातात. म्हणून डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती गोल लूप हवेतच, त्यात तडजोड नाही. त्यानंतरचा महत्त्वाचा लूप मोठा आहे. तो नाकाच्या हाडावरून निघतो, गालांवरून खाली उतरतो, तोंडाला वळसा घालून हनुवटीखाली मिळतो. डोळ्यांची वर्तुळं आणि तोंडाचं वर्तुळ यांना एकत्र बांधून ठेवणारा हाच.

आता ही वर्तुळं एकमेकांना भिडतात तिथे काय होतं? साधारणपणे प्रत्येक बिंदूपाशी चार रेषा मिळतात. दोन वर्तुळांच्या सीमेवर मात्र तीन किंवा पाच रेषांचे बिंदू तयार होतात. त्यांना पोल म्हणतात. नवशिके ते पुसून टाकायच्या मागे लागतात, पण ते शक्यच नसतं. गोल बंद पृष्ठभाग फक्त चार रेषांच्या बिंदूंनी झाकता येत नाही, हे गणित आहे; साध्या घनाचे आठही कोपरे तीन रेषांचे असतात. पोल नाहीसे होत नाहीत, पण त्यांना बसवायचं कुठे हे आपल्या हातात असतं. गालाच्या हाडाजवळ, नाकपुडीच्या बाजूला, हनुवटीच्या कडेला, जिथे कातडी फारशी दुमडत नाही तिथे ते बिनधोक राहतात. ओठाच्या कोपऱ्यात किंवा पापणीच्या काठावर पाच रेषांचा बिंदू आला की तोंड उघडताना तिथे चिमटा बसल्यासारखं दिसतं.

माप आणि माणसं

डोकं सुरू करताना कवटी आधी, चेहरा नंतर. माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. जवळजवळ प्रत्येक नवशिका डोळे वर सरकवतो, कारण केस आणि कपाळ आपल्या नजरेत कमी भरतात. समोरून पाहिल्यास डोक्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांइतकी आणि दोन डोळ्यांमधलं अंतर एका डोळ्याइतकं. कान भुवईची रेषा आणि नाकाचा तळ यांच्या दरम्यान. बाजूने पाहिलं तर कान डोक्याच्या मध्यरेषेच्या मागच्या बाजूला असतो आणि किंचित मागे कललेला असतो. वरून पाहायला मात्र कुणी जात नाही, आणि तिथेच चेहरा सपाट होतो. वरून दिसणारा चेहरा कमानीसारखा मागे वळतो. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा बराच मागे असतो.

हे सगळे सरासरीचे आकडे आहेत. ते सुरुवातीला आधार देतात, पण त्यांनाच धरून बसलं की सगळे चेहरे एकमेकांचे भाऊ दिसतात. इंटरनेटवर मिळणारी तयार डोकीही बरीचशी एकाच साच्यातली असतात. आपल्या भागात चेहऱ्यांची किती विविधता आहे ते बघा! वडगाव-खासबागचा विणकर, निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबलेली बाई, खानापूरच्या जंगलपट्ट्यातला धनगर गवळी, खानापूर-हल्याळकडचे सिद्दी. नाकाची रुंदी एका डोळ्याइतकी हा पुस्तकी नियम यांतल्या कित्येकांना लागू पडत नाही, आणि पडावा तरी का? गालाचं हाड किती पुढे आहे, पापणी किती जड आहे, उन्हात डोळे बारीक करून वर्षं काढल्यामुळे कोपऱ्यात किती रेषा आहेत, हे प्रत्येक चेहऱ्यावर मोजूनच घ्यावं लागतं. आपल्या गावची माणसं संगणकात यावीत असं मला मनापासून वाटतं, आणि ती तयार साच्यातून येणार नाहीत.

त्यासाठी फोटो काढाल तेव्हा आधी त्या व्यक्तीला विचारा, कशासाठी हवाय तेही सांगा. मग मोबाइल चेहऱ्याजवळ नेऊ नका. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. त्यावरून केलेलं डोकंही तसंच होतं. दोन-अडीच मीटर लांब उभं राहून झूम करा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवून एक समोरून आणि एक अगदी बाजूने. मॉडेल करताना सॉफ्टवेअरमधला व्ह्यूही ऑर्थोग्राफिक ठेवा, म्हणजे जवळ-दूरचा फरक मापात शिरणार नाही.

डोळा

डोळा म्हणजे आधी गोळा. मोठ्या माणसाचं नेत्रगोलक सुमारे 24 मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि माणसामाणसांत त्यात आश्चर्य वाटावं इतका कमी फरक पडतो. म्हणून गोलक आधी योग्य मापाचं बनवून जागेवर बसवायचं आणि पापण्या त्यावर टेकवत न्यायच्या. पापण्या आधी करून मागून गोळा कोंबला की तो कुठून तरी बाहेर डोकावतोच. काळेभोर किंवा तपकिरी वर्तुळ, म्हणजे बुबुळ, साधारण 12 मिलिमीटरचं. शांत चेहऱ्यात वरची पापणी त्याचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते आणि खालची पापणी त्याच्या खालच्या काठाला जेमतेम टेकते. बुबुळाच्या वर पांढरं दिसू लागलं की पात्र घाबरलेलं दिसतं. मुलांची बरीच डोकी याच कारणाने भेदरलेली वाटतात.

पापणीला जाडी असते, हे विसरलं जातं. पापणीच्या काठावर दोन समांतर रेषा देऊन बारीकशी पट्टी करायची. प्रकाश तिथे चमकतो आणि डोळा ओला वाटतो. आतल्या कोपऱ्यातला गुलाबी मांसल ठिपका बारीक असतो, पण तो नसेल तर डोळा कातडीत कापलेल्या फटीसारखा दिसतो. डोळ्याचा आकार बदामासारखा काढायची सवय चित्रकलेतून येते. नीट पाहा: वरच्या कमानीचं शिखर आतल्या बाजूला असतं आणि खालच्या कमानीचा सगळ्यात खोल भाग बाहेरच्या बाजूला.

मिटताना काम बहुतेक सगळं वरची पापणी करते. खालची फारशी वर येत नाही, ती किंचित नाकाकडे सरकते. वरची पापणी गोलकावरून उतरून सगळा गोळा झाकणार म्हटल्यावर तेवढी कातडी आधीपासून तिथे दुमडून ठेवलेली हवी. म्हणून पापणी आणि भुवई यांच्यामध्ये रेषांची कंजुषी करू नये.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कळेपर्यंत मुलं हैराण होतात. हावभाव साठवण्याची नेहमीची रीत म्हणजे शेप की, माया हे सॉफ्टवेअर वापरणारे त्यालाच ब्लेंडशेप म्हणतात. उघड्या डोळ्याचा एक आकार, मिटलेल्याचा दुसरा, आणि संगणक एका आकारातून दुसऱ्यात जातो. पण जाताना प्रत्येक बिंदू सरळ रेषेत जातो. पापणीला तर गोलकाच्या बाहेरून वळसा घेत उतरायचं असतं. सरळ रेषेने गेली की अर्ध्या वाटेवर ती गोलकाच्या आत घुसते आणि अर्धवट मिटलेल्या डोळ्यात पांढरा गोळा कातडीतून बाहेर येतो. मॉडेल दोन्ही टोकांना बरोबर असतं, चूक फक्त मधे दिसते. उपाय म्हणजे अर्ध्यावरचा तिसरा आकार हाताने नीट करून मधे बसवणं.

तोंड

तोंडाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा, असं माझं ठाम मत आहे. ओठ कातडीवर रंगवलेले नसतात, ते दातांच्या कमानीवर गुंडाळलेले असतात. म्हणून आधी दातांची कमान मनात धरून त्यावर ओठ वळवायचे. वरच्या ओठात मांसाचे तीन उंचवटे असतात, एक मधोमध आणि दोन बाजूंना; खालच्या ओठात दोन. वरचा ओठ खाली झुकलेला असल्याने सावलीत राहतो, खालचा प्रकाश पकडतो. ओठांच्या कडेभोवती तीन-चार सलग फेऱ्या हव्यात आणि त्या कोपऱ्यातून न तुटता वरून खाली वळायला हव्यात. ओठ किंचित विलग ठेवूनच मॉडेल करावं. मिटलेल्या ओठांचे बिंदू एकमेकांत इतके अडकतात की नंतर वरचा कुठला आणि खालचा कुठला हेच कळत नाही. ओठांच्या कडेवरून कातडी आत वळवून तोंडाच्या आतली पोकळीही करायची, नाहीतर जबडा उघडला की डोक्याची रिकामी पाठ दिसते.

वरचे दात कवटीला पक्के, खालचे जबड्याबरोबर फिरणारे. जबडा कुठून फिरतो? कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बिजागरी तिथे हाताला लागते, आणि तोंड मोठं उघडताना ती जरा पुढे सरकते तेही जाणवतं. ही जागा चुकीची धरली, गालाच्या मध्यावर वगैरे, की तोंड उघडताना हनुवटी गळ्यात घुसते.

हसण्याचं मर्म ओठांत कमी आणि गालात जास्त आहे. ओठाचा कोपरा वर आणि मागे, कानाच्या दिशेने जातो. त्याने गाल वर ढकलला जातो आणि खालची पापणी उचलली जाते. डोळ्याभोवतीचा स्नायू सामील झाला तरच हसू खरं वाटतं, हे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी 1862 साली दाखवून दिलं. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन यांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची पद्धतशीर यादी तयार केली, तिला फॅक्स (FACS, फेशियल अॅक्शन कोडिंग सिस्टिम) म्हणतात. त्यात गाल उचलणं ही क्रमांक 6 ची हालचाल आणि ओठाचा कोपरा ओढणं ही 12 ची. मनापासूनचं हसू म्हणजे 6 आणि 12 एकत्र. आज चेहऱ्याचे शेप करणारे बहुतेक लोक या यादीच्या आधारानेच काम करतात, आणि आयफोनच्या कॅमेऱ्यातून चेहरा टिपणारी अॅपलची प्रणालीही 52 आकारांत चेहरा मोडते.

बोलण्यासाठी मात्र आपल्याला आपल्या भाषांकडे बघायला हवं. बेळगावचं पात्र घरात "जेवलास काय?" विचारेल आणि बाजारात तेच कन्नडमध्ये "ऊट आयता?" म्हणेल. दोन भाषांसाठी दोन तोंडं करावी लागत नाहीत. बाहेरून काय दिसतं एवढंच मॉडेलरला हवं असतं. प, ब, भ, म म्हणताना ओठ पूर्ण मिटतात; चारही अक्षरं डोळ्याला सारखीच. व म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो. फ बोलणाऱ्यानुसार बदलतो, कुणी ओठ मिटून म्हणतं, कुणी दाताला ओठ लावून. उ आणि ओ मध्ये ओठ पुढे येऊन गोल होतात, ई मध्ये बाजूला ताणले जातात, आ मध्ये जबडा पडतो. ट, ड, ण, ळ ही मराठीत आणि कन्नडमध्येही भरपूर येणारी अक्षरं जीभ आत वळवून होतात, बाहेरून त्यांचा जवळजवळ पत्ता लागत नाही. त आणि ल मध्ये जिभेचं टोक दातांमागे दिसतं, तेवढं दाखवावं. अशा रीतीने अख्खी वर्णमाला दहा-बारा आकारांत बसते, आणि तेच आकार "जेवलास" मधल्या ए-व-आ साठी चालतात तसे "ऊट" मधल्या ऊ साठीही.

यात सगळ्यात कडक पथ्य म ब प चं. सेकंदाला 24 चौकटींच्या हिशेबात ओठ एक-दोन चौकटींपुरते तरी पूर्ण मिटलेच पाहिजेत. "आई" ढिसाळ चाललं तर चालेल, "बाबा" म्हणताना ओठ टेकले नाहीत तर लहान मूलही ओळखतं.

नाक, कान

नाकाचा वरचा साधारण तिसरा हिस्सा हाडाचा, तो हलत नाही. खालचा कूर्चेचा, तो हलतो. हाड संपतं तिथे बहुतेकांच्या नाकात बारीकसा बदल असतो, तो दाखवला की नाक जिवंत वाटतं. नाकपुडीच्या पंखाभोवती एक स्वतंत्र लूप द्यावा, तोच पुढे हसण्याच्या घडीला जाऊन मिळतो. नथ किंवा चमकी घालायची असेल तर भोक पाडत बसू नका. दागिना वेगळा करून नाकपुडीवरच्या तीन बिंदूंना बांधून टाका. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये याला व्हर्टेक्स पॅरेंट म्हणतात. पात्र नाक मुरडेल तेव्हा चमकीही बरोबर हलेल.

कान वेगळा बनवून शेवटी जोडतात. त्यात वळणं खूप, हालचाल काहीच नाही, त्यामुळे तिथे त्रिकोण आले तरी बिघडत नाही. जोडताना कानाच्या जास्तीच्या रेषा डोक्याच्या रेषांइतक्या कमी करून घ्यायच्या. जुन्या पिढीतल्या बायकांच्या कानाची पाळी दागिन्यांच्या वजनाने लोंबलेली असते, वरच्या कडेला बुगडीचं भोक असतं. हे तपशील सोडू नका, त्यांनी वय आणि गाव दोन्ही कळतं.

कोणत्या वाटेने जावं

दोन वाटा आहेत. एक म्हणजे डोळ्याभोवतीच्या रिंगणापासून सुरू करून रेषा बाहेर ओढत चेहरा विणत जाणं. दुसरी म्हणजे आधी संगणकातल्या मातीत डोकं घडवणं, म्हणजे स्कल्प्टिंग, आणि मग त्या घडलेल्या डोक्यावर स्वच्छ चौकोनांची नवी जाळी अंथरणं, तिला रिटोपॉलॉजी म्हणतात. मूर्तीकामातून आलेल्या मुलांना मी बेधडक दुसरी वाट सुचवते. स्कल्प्टिंगमध्ये लाखो पॉलिगॉन होतात, ते कसेही पसरलेले असतात, आणि त्या वेळी त्यांची फिकीर करायची नसते. आकार मनासारखा झाला की त्यावर तीन-चार हजार चौकोनांची शिस्तीतली जाळी चिकटवत जायची. बारीक सुरकुत्या आणि कातडीची छिद्रं नॉर्मल मॅप नावाच्या चित्रात साठवून जाळीवर चढवता येतात, त्यासाठी बिंदू वाढवावे लागत नाहीत. पहिली वाट जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावरही सहज चालते. दोन्हींसाठी ब्लेंडर पुरेसं आहे. 2002 पासून ते मुक्त आणि मोफत आहे. पायरेटेड कॉपीच्या भानगडीत पडायचं काहीच कारण नाही.

रिगिंगला, म्हणजे चेहरा हलवण्याची यंत्रणा बसवायला, द्यायच्या आधी डोक्याची परीक्षा घ्यावी. डोळे घट्ट मिटवा, आ करा, ऊ करा, हसवा, भुवया उचला. प्रत्येक वेळी एकच दिवा बाजूने लावून, रंग-केस काहीही न चढवता बघा. बिंदूंचा गठ्ठा कुठे होतो, कुठली रेषा अचानक दिशा बदलते, ते तिरक्या प्रकाशात लगेच दिसतं. दोष बहुधा ओठांच्या कोपऱ्यात आणि पापणीच्या टोकांना सापडतो. तो सबडिव्हिजन वाढवून झाकला जात नाही, जाळी उसवून रेषा पुन्हा वळवाव्या लागतात.

हे सगळं अर्ध्या चेहऱ्यावर करायचं असतं. दुसरा अर्धा मिरर मॉडिफायर आपोआप देतो. पण कुणाचाच चेहरा दोन्हीकडे तंतोतंत सारखा नसतो. एक भुवई जरा वर, नाक किंचित एका बाजूला, हसताना एक कोपरा आधी उचलला जाणारा. हा फरक मूळ जाळीत घालू नये. जाळी आणि सगळे हावभाव सारखे पूर्ण झाले की तो एका वेगळ्या शेप कीमध्ये घालावा. म्हणजे डावी-उजवी बाजू पुढच्या दुरुस्त्यांसाठी एकमेकांशी जुळलेली राहते, आणि किती टक्के फरक ठेवायचा ते दिग्दर्शकाला शेवटच्या दिवशीही ठरवता येतं.